अर्धा मिली रक्त आणि एवढीशी टाच

राऊंड संपला की रेसिडेंट एका दमात ऑर्डर सांगून मोकळे होतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (जंतुसंसर्गाची खूण), इलेक्ट्रोलाइट्स, कॅल्शियम, बिलिरुबिन (कावीळ), एक गॅस (रक्तातला पीएच, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड), आणि हो सिस्टर, कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते) पण पाठवा. ऐकायला काय जातं. बाळ असतं ९०० ग्रॅमचं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळात दर किलोला साधारण ९० ते १०० मिली रक्त धरतात, पूर्ण दिवसांच्या बाळात ८० ते ८५, म्हणजे या बाळाच्या अख्ख्या अंगात मिळून ८०-९० मिली. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची बाटली येते ना, ती पण पूर्ण भरणार नाही. आणि त्यातून आपण ४ मिली काढणार. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं तर त्याच हिशोबाने हे झाले सव्वादोनशे-अडीचशे मिली, तेही एका सकाळी, आणि संध्याकाळी परत गॅस आहेच.

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली, आणि नवीन मुलींना हे सगळं इतक्यांदा तोंडी सांगितलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. ही गाईडलाइन नाही, तुमच्या युनिटचा जो प्रोटोकॉल असेल तो पाळाच. पण प्रोटोकॉलच्या कागदावर 'सॅम्पल घ्यावे' एवढंच असतं, कसं घ्यावं ते कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

माझं मत आधीच सांगते. एनआयसीयूत रक्त काढताना खरा घात होतो तो रिपीटमुळे. पहिल्यांदा नीट न घेतलेलं सॅम्पल म्हणजे परत टोचणं, परत रडणं, परत रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन खाली, आणि परत अर्धा मिली रक्त बाळाच्या खात्यातून वजा. अगदी कमी वजनाच्या बाळांना पहिल्या काही आठवड्यांत रक्त चढवावं लागतं, त्यामागे तपासण्यांसाठी काढलेलं रक्त हे एक मोठं कारण आहे हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण ऑर्डर सांगताना कोणाला आठवत नाही. म्हणून खालचं सगळं त्या एकाच गोष्टीसाठी आहे, एकदाच टोचायचं आणि त्यात काम झालं पाहिजे.

तर हील प्रिक, म्हणजे टाच टोचून रक्त घेणं. सगळ्यात कॉमन, सगळ्यांना येतं असं वाटणारं, आणि म्हणूनच सगळ्यात बेफिकिरीने होणारं काम.

आधी जागा. बाळाच्या अंगठ्याच्या मध्यापासून टाचेपर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा, चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मधून दुसरी. या दोन रेघांच्या बाहेरचा तळव्याचा भाग, म्हणजे टाचेची आतली कड आणि बाहेरची कड, एवढीच जागा आपली. मधला भाग सोडायचा. आणि मागची गोलाई, जिथे पाय उचलला की पटकन हात जातो, तिथे तर अजिबात नाही, कारण तिथे हाड अगदी कातडीला लागून असतं. १९७९ साली ब्लूमेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात यावर पेपर लिहिला होता, दगावलेल्या बाळांच्या टाचा प्रत्यक्ष मोजून. अगदी लहान बाळातसुद्धा तळव्याच्या बाजूने हाड साधारण २.४ मिमी खोल असतं आणि मागच्या बाजूला त्याच्या निम्म्यावर. आणि आपल्याला ज्या बारीक रक्तवाहिन्या हव्या असतात त्या ०.३५ ते १.६ मिमीच्या पट्ट्यात. म्हणजे खोल टोचलं की रक्त जास्त येतं हा जो समज आहे ना तो तिथेच संपला, २ मिमीच्या खाली गेलात तर जास्तीचं रक्त मिळत नाही, फक्त हाडापर्यंत जंतू पोचवायची सोय होते. टाचेच्या हाडाचं ऑस्टिओमायलायटिस (हाडातला जंतुसंसर्ग) ही थिअरीतली गोष्ट नाही, होतं ते. बोटाला न टोचायचं कारणही हेच, एवढ्याशा बोटात कातडी आणि हाड यात अंतरच नसतं.

मग हत्यार. काही ठिकाणी अजून २६ नंबरची साधी सुई वापरतात, काही ठिकाणी मोठ्यांच्या ग्लुकोमीटरची लॅन्सेट (टोचायचं छोटं हत्यार). सुई किती आत जाणार हे हाताच्या जोरावर ठरतं आणि रात्री तीन वाजता हाताचा भरवसा कोणी द्यावा. बाळांसाठीची ऑटोमॅटिक लॅन्सेट मिळते त्यात स्प्रिंग असते, बटण दाबलं की पातं बाहेर येऊन छोटा काप घेतं आणि आपोआप आत जातं. मुदतपूर्व बाळासाठी ०.८५ मिमी खोलीची, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी १ मिमीची, रंग वेगळे असतात म्हणजे चुकायचं कारण नाही. यातली काप घेणारी जात आणि भोसकणारी जात यात फरक आहे, कापणाऱ्या लॅन्सेटने रक्त मोकळं येतं, दाबायला कमी लागतं, हिमोलिसिस (रक्तपेशी फुटणं) कमी होतं, परत टोचायची वेळ कमी येते. महाग पडतात म्हणून स्टोअरवाले कुरकुर करतात. करू देत. एका रिपीट सॅम्पलचा खर्च कोणी मांडत नाही, बल्ब (रक्त भरायची छोटी नळी), रिएजंट (तपासणीची रसायनं), माझा वेळ आणि बाळाचं रक्त, नाहीतर ही कुरकुर केव्हाच थांबली असती.

टाच शेकायची की नाही यावर दोन पार्ट्या आहेत. पूर्ण दिवसांच्या बाळांवर जे अभ्यास झाले त्यात शेकल्यामुळे रक्त खूप जास्त किंवा लवकर येतं असं काही ठळक दिसलं नव्हतं. पण पाय गार पडलेला असेल तर मी शेकते, आणि गॅससाठी कॅपिलरी (बारीक नळी) भरून घ्यायची असेल तर शेकतेच. तयार हील वॉर्मर असेल तर उत्तम, तीन ते पाच मिनिटं, तापमान ४२ डिग्रीच्या वर जायला नको. ग्लोव्हमध्ये गरम पाणी भरून टाचेला बांधायचा जो जुगाड आहे तो मात्र कृपा करून करू नका, आपल्या हाताला कोमट वाटणारं पाणी त्या कातडीला भाजतं.

स्पिरिटने पुसलं की वाळू द्यायचं. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर झोंबतं ते झोंबतं, वर थेंब गोल बसत नाही, पसरतो, आणि स्पिरिट रक्तात मिसळून पेशी फुटतात, शुगर पण चुकीची येऊ शकते. अर्धा मिनिट थांबायला लागतं, बस. फार लहान बाळांमध्ये क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक जपून, पहिल्या काही दिवसांत त्यांची कातडी इतकी कच्ची असते की भाजल्यासारखे डाग उठतात, काम झालं की स्टराइल पाण्याने किंवा सलाईनने पुसून घ्यायचं आणि पाठीखाली ओघळ साठून राहिलाय का ते बघायचं.

टोचलं. पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसायचा, त्यात टिश्यू फ्लुइड असतं. आणि आता खरी कसोटी, कारण आता हात शिवशिवतात. नवीन सिस्टर टाच अशी काही पिळते की बघवत नाही. तळवा आधी लाल, मग जांभळा, बाळ कळवळतंय, आणि रक्त येतंय टिपूस टिपूस. मी काय करते, बाळाचा घोटा माझ्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात घेते, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा खाली लोंबता ठेवते, पोटरीच्या खालच्या भागापासून हलका दाब देते आणि सोडते. सोडणं महत्त्वाचं. सोडल्याशिवाय वाहिन्या परत भरणार कशा? दाब, सोड, दोन सेकंद थांब, थेंब मोठा होऊ दे, टपकू दे, परत दाब. एकदा लय लागली की अर्धा मिली दोन-तीन मिनिटांत येतो आणि बाळ कधीकधी रडायचं पण थांबतं. पिळून काढलेल्या रक्तात पेशी फुटलेल्या असतात, पोटॅशियम ७ च्या वर येतं, मग डॉक्टरांची धावपळ, ईसीजी बघा, कॅल्शियम ग्लुकोनेट काढा, आणि तासाभराने रिपीटमध्ये पोटॅशियम ४.८.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणी शिकवत नाही. बल्बच्या कडेने टाचेवरचं रक्त खरवडून गोळा करायचं नाही. थेंब लोंबता असला पाहिजे आणि बल्बच्या कडेला नुसता टेकला की आत घरंगळला पाहिजे. कातडीवरून ओरबाडून घेतलेलं रक्त लवकर गोठायला लागतं, आणि ईडीटीएच्या बल्बमध्ये (यात रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं) एक एवढीशी गाठ सापडली की लॅबवाले सॅम्पल रिजेक्ट करतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिजेक्ट करत नाहीत आणि प्लेटलेट्स ४० हजार असा खोटा कमी रिपोर्ट येतो.

टाचेतून घेताना बल्बचा क्रम वेगळा असतो हे पण लक्षात ठेवा. शिरेतून घेताना कल्चर आधी. टाचेतून घेताना आधी गॅसची कॅपिलरी, मग ईडीटीए, मग बाकीचे अँटिकोॲग्युलंटवाले (रक्त गोठू न देणारे), प्लेन बल्ब सगळ्यात शेवटी. कारण टोचल्या क्षणापासून प्लेटलेट्स तिथे जमायला लागलेल्या असतात, जेवढा उशीर तेवढा ईडीटीएमध्ये गोंधळ. प्लेन बल्बमध्ये रक्त गोठायलाच पाहिजे असतं तेव्हा त्याला घाई नाही. ईडीटीए भरला की लगेच टोपण लावून आठ-दहा वेळा हलकेच उलटासुलटा करा, हलवा म्हटलं की काही जण कॉकटेल करतात, तसं नाही. खुणेच्या रेघेपर्यंतच भरा, कमी पण नको, जास्त पण नको.

गॅसची कॅपिलरी भरताना नळी आडवी धरायची, थोडी खाली कललेली, ती स्वतःच ओढून घेते. मधे हवेचा बुडबुडा आला तर तो गॅस गेला असं समजा. खोलीच्या हवेत ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नाहीच, त्यामुळे बुडबुड्याने कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो, आणि मग व्हेंटिलेटरच्या सेटिंग त्या खोट्या आकड्यावर बदलल्या जातात. तसंही कॅपिलरी गॅसचा पीएच आणि कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी विश्वासाचा, ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

टाचेतून काय चालत नाही? कल्चर नाही. पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या नाहीत. आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा हिस्सा) टाचेतून घेतलं तर शिरेपेक्षा जास्तच येतं, तेव्हा रक्त घट्ट आहे अशी शंका असेल तर शिरेतून खात्री केल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये.

नवजात बाळातले जन्मजात आजार शोधायच्या स्क्रीनिंग कार्डाचं थोडक्यात, कारण ते पण टाचेतलंच. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार शोधायची ही फिल्टर पेपरवाली पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात आणली आणि अजून मूळ कल्पना तीच आहे. गोल पूर्ण भरेल एवढा मोठा थेंब एकदाच टेकवायचा, एकाच बाजूने, पाठीमागे झिरपलेला दिसला पाहिजे. थेंबावर थेंब चढवले की कार्ड वाया. आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवा, वॉर्मरखाली ठेवून घाई करू नका.

आता शिरेतून. पूर्ण दिवसांच्या बाळांत, हात बसलेल्या माणसाने शिरेतून रक्त घेतलं तर टाचेपेक्षा दुखतं कमी, सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या रिव्ह्यूमध्ये पण हेच आहे, आणि मला अनुभवाने पटलेलं आहे. एक मिलीच्या वर रक्त हवं असेल तर टाचेच्या मागे लागूच नये. हाताच्या मागच्या बाजूच्या शिरा सगळ्यात सोयीच्या. कोपरातली शीर आणि पायाची सॅफेनस दिसायला छान मोकळी दिसते पण फार लहान बाळात ती पिक लाईनसाठी (मोठ्या शिरेपर्यंत सरकवायची लांब बारीक नळी) राखून ठेवायची असते, ती सॅम्पलसाठी टोचून फोडली की दोन दिवसांनी लाईन टाकणारे डॉक्टर आपल्याला शोधत येतात. टूर्निकेट म्हणून रबर लावायची गरज बहुतेक वेळा नसते, मनगटाला दोन बोटांचा विळखा पुरतो, आणि बोटं विसरून तिथेच राहत नाहीत हा फायदा.

सिरिंज लावून ओढलं की एवढीशी शीर चपटी होते आणि रक्त थांबतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी ती प्रसिद्ध युक्ती चालते, सुईचा मागचा प्लॅस्टिकचा भाग, हब, मोडून टाकायचा आणि नुसती सुई शिरेत सरकवायची, मागच्या उघड्या टोकातून रक्त थेंब थेंब थेट बल्बमध्ये पडतं. खरं सांगायचं तर काम झकास होतं. ओढ नाही म्हणून शीर मिटत नाही, पेशी फुटत नाहीत, हबमध्ये रक्त अडकून वाया जात नाही. ज्या सीनियर डॉक्टरांकडून मी हे बघितलं त्यांचा हात बघत राहावा असा होता. तरीपण मला ही पद्धत आवडत नाही आणि मी ती कोणाला शिकवत नाही. हब नसलेली सुई म्हणजे पकडायला जागा नसलेला धातूचा तुकडा, मोडताना बोटाला लागते, काढताना लागते, चादरीत पडली तर सापडत नाही, आणि सुई लागली की एचआयव्ही आणि हेपटायटिस बीच्या तपासण्या सिस्टरच्या होतात, युक्ती शोधणाऱ्याच्या नाही. त्यातल्या त्यात चांगले पर्याय आहेत. नवजात बाळांसाठी पकडायला पंख असलेल्या आणि रक्त थेट टपकेल अशा आखूड सुया बनवलेल्या मिळतात. त्या नसतील तर नाहीतरी कॅन्युला (शिरेत ठेवायची छोटी नळी) घालायचीच असते, ती नवीन घातल्या घातल्या, सलाईनने फ्लश करायच्या आधी, तिच्या तोंडातून रक्त टपकू द्या, एका टोचण्यात दोन कामं. कल्चर मात्र सिरिंजने निर्जंतुक पद्धतीने घ्या, ताज्या कॅन्युलातून चालतं, जुन्या कॅन्युलातून कधीच नाही, आणि निदान १ मिली तरी बाटलीत गेलं पाहिजे. पाव मिलीवर केलेलं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून अँटिबायोटिक बंद करायचं की चालू ठेवायचं यावर जी चर्चा होते ती मी बऱ्याचदा ऐकलीय, आणि ती टाळता येण्यासारखी असते.

धमनीतून रक्त घ्यायचं काम आमच्याकडे डॉक्टर करतात, मी बाळ धरते आणि बघते. मनगटाची रेडियल धमनी, बारीक बटरफ्लाय (पंखवाली सुई), खाली कोल्ड लाईट (गरम न होणारा दिवा) धरली की धमनी सावलीसारखी दिसते, फार छान दिसते, आणि खोलीतले दिवे कमी केले की अजून छान. ॲलनची टेस्ट (हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त मिळतं का ते बघणं) आधी करतात, तिच्यावर पूर्ण भरवसा टाकू नये पण करायला काय हरकत आहे. कोपरातली ब्रेकियल धमनी टाळायची, तिच्या बरोबर मीडियन नर्व्ह असते आणि ती बंद पडली तर हाताला दुसरा मार्ग पुरेसा नसतो. सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरायचं, मोजून, घड्याळाकडे बघून. गंमत म्हणजे बाळ रडून रडून निळं झालेलं असताना घेतलेला एबीजी (धमनीतल्या रक्ताचा गॅस) हा बाळाचा एबीजी नसतोच, तो रडण्याचा एबीजी असतो. ऑक्सिजन खाली, कार्बन डायऑक्साइड कुठेतरी भलतीकडे. म्हणजे दुखणं कमी करणं हे नुसतं दयामाया म्हणून नाही, रिपोर्ट बरोबर यावा म्हणून पण आहे.

नाळेतून धमनीची लाईन टाकलेली असेल तर टोचायचा प्रश्न मिटतो, पण मग दुसरा सुरू होतो, तो म्हणजे रक्त काढणं फार सोपं होतं. नळ फिरवा आणि घ्या. लाईन असलेल्या बाळाच्या तपासण्या कशा आपोआप वाढतात ते बघा तुम्ही. तिथे दोन गोष्टी. एक, हळू ओढायचं. सिरिंज जोरात मागे घेतली की मेंदूतला रक्तप्रवाह आणि ऑक्सिजन थोडा वेळ खाली जातो हे डोक्याला निअर इन्फ्रारेड मॉनिटर लावून दाखवलेलं आहे, म्हणून एवढंसं रक्त घ्यायला पण ३०-४० सेकंद द्यायचे, आणि परत ढकलताना पण तसंच. दोन, लाईनमधलं जे पातळ झालेलं रक्त आपण आधी बाजूला काढतो ते टाकून द्यायचं नाही, स्वच्छ सिरिंजमध्ये ठेवून सावकाश परत द्यायचं, बुडबुडा नाही, गाठ नाही हे बघून. सॅम्पल झाल्यावर पायाची बोटं बघायची. पांढरी किंवा निळी पडली असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचं, सॅम्पल नंतर.

दुखण्याबद्दल थोडं लांबण लावते कारण ते लावायलाच हवं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचं मत होतं की नवजात बाळाला दुखणं तसं कळत नाही, ऑपरेशनसुद्धा अगदी जुजबी भूल देऊन व्हायची. १९८७ मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या मुदतपूर्व बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरचा त्रास पण कमी झाला, तेव्हा कुठे चक्र फिरलं. २००८ साली पॅरिस भागातल्या एनआयसीयूंचा एक अभ्यास आला, कार्बाजाल यांचा, ४३० बाळं, तर दर बाळाला दिवसाला साधारण १० वेदनादायक गोष्टी होत होत्या आणि त्यातल्या जवळजवळ ८० टक्के वेळा आधी काहीही दिलेलं नव्हतं. हे वाचून मला फार धक्का वगैरे बसला नाही, कोणत्याही वॉर्डात उभं राहून मोजा.

काय करता येतं? आई असेल तर सगळ्यात आधी आई. कांगारू केअरमध्ये, बाळ आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून असताना, टाच टोचता येते, फक्त आपल्याला खाली वाकून बसावं लागतं, कंबर धरते, पण बाळ निम्मं पण रडत नाही. पूर्ण दिवसांचं बाळ अंगावर पीत असताना घ्या. आई नसेल तर २४ टक्के सुक्रोजचे (साखरेच्या पाण्याचे) थेंब जिभेच्या टोकावर, टोचायच्या दोन मिनिटं आधी. दोन मिनिटं आधी म्हणजे दोन मिनिटं आधी, टोचल्यावर रडताना तोंडात ओतणं नव्हे. सोबत चोखायला काहीतरी, आणि एक पाय सोडून बाकी बाळ गुंडाळलेलं, हातपाय पोटाशी घेऊन. सुक्रोजबद्दल एक खटकणारी गोष्ट पण आहे, २०१० मध्ये स्लेटर आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये दाखवलं की सुक्रोज दिलेल्या बाळांचा चेहरा कमी आक्रसतो पण मेंदूतला वेदनेचा सिग्नल तेवढाच दिसतो. तेव्हापासून मी सुक्रोज देते, पण तेवढं दिलं म्हणजे झालं असं मानत नाही. सुन्न करणारं क्रीम टाचेला उपयोगी पडत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

खरं तर सगळ्यात चांगलं सॅम्पल म्हणजे जे घ्यावंच लागलं नाही, आणि याबाबतीत आपल्या हातात बरंच असतं. जन्मानंतर पहिल्या तासाचे सीबीसी, ब्लड ग्रुप, अगदी कल्चरसुद्धा वारेच्या बाजूला राहिलेल्या नाळेतल्या रक्तातून जातं, ते रक्त नाहीतरी फेकलंच जाणार असतं. फक्त लेबर रूमला आधी सांगावं लागतं आणि तिथे कोणीतरी ऐकणारं असावं लागतं. काविळीसाठी कातडीवर टेकवून मोजायचं मशीन आहे, फोटोथेरपी (दिव्याखालचा उपचार) सुरू नसलेल्या बाळात ते वापरा आणि आकडा उपचाराच्या रेघेजवळ आला तरच रक्त घ्या. बिलिरुबिनचं सॅम्पल घेताना फोटोथेरपीचा दिवा बंद करा आणि बल्ब झाकून पाठवा, उजेडात पडून राहिला की आकडा कमी येतो. लॅबला एकदा फोन करून प्रत्येक टेस्टला खरंच किती लागतं ते विचारा, आम्ही विचारलं तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी आम्ही नुसत्या सवयीने जास्त देत होतो. आणि बाळाच्या चार्टवर इनटेक-आउटपुटच्या शेजारी एक रकाना काढा, आज किती रक्त काढलं त्याचा, ०.३, ०.५, ०.२ असं जे असेल ते. राऊंडला तो रकाना मोठ्याने वाचायचा. आमच्याकडे हे सुरू केल्यावर सहाच्या ऐवजी चार टेस्टची ऑर्डर यायला लागली, कोणाला काही बोलावं लागलं नाही.

लेबल. बेडपाशीच लावायचं, बाळाच्या मनगटाचा टॅग वाचून, आणि बल्ब भरल्यावर. आधी लेबल लावून ठेवलेले रिकामे बल्ब ट्रेमध्ये घेऊन फिरणं म्हणजे जुळ्यांच्या बाबतीत संकटाला आमंत्रण, आईचं नाव तेच, तारीख तीच, वजन पण जवळपास तेच, फरक फक्त एक आणि दोन या आकड्याचा.

आणि रक्त थांबेपर्यंत गॉज दाबून धरा, पाय थोडा वर उचलून. चिकटपट्टी लावू नका, लहान बाळाची कातडी पट्टीबरोबर निघून येते, आणि सुटली तर तोंडात जायची भीती वेगळीच. मग शार्प्स सगळे डब्यात, बाळाखालचा शीट उचलून एकदा झटकून बघायचा, लॅन्सेटचं टोपण, कॅपिलरीचा तुकडा, स्वॅब, काहीतरी हमखास राहिलेलं असतं.